सातव्या घराण्याचा दोष

पैदास केंद्रात कोंबड्यांची बारा घराणी होती. एक कोंबडा, त्याच्या दहा कोंबड्या आणि त्यांची पिल्लं, असं एक घराणं. दुकानात जाणारा ब्रॉयलर हा या मंडळींचा पणतू, म्हणून केंद्रातले लोक शेडमधल्या त्या जाडजूड पांढऱ्या पक्ष्यांना सरळ पणजोबा आणि पणज्या म्हणत. "आज आठ नंबरच्या पणज्या चिडल्यात, जपून जा," असं कुणी सांगितलं की नव्या माणसाला दोन मिनिटं काही उमगत नसे. थट्टा सोडली तरी नातं खरं होतं. एका पणजोबाच्या रक्तात खोट राहिली तर ती खालच्या लाखभर पणतवंडांत उतरणार. ती खोट वरच्या वर हुडकून काढायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे रक्तवाली म्हणत.

नाव ऐकून माणूस दचकायचा आणि तिला पाहिल्यावर त्याला हसू यायचं. बेताची उंची, बेताचं बोलणं, खिशात नेहमी दोन पेन. पिल्लाचा पंख अलगद उचलून ती शिरेतून थेंबभर रक्त अशी काढायची की पिल्लाला चोच उघडायलाही वेळ मिळत नसे. तीन वर्षांत तिनं असे हजारो थेंब जमवले होते, आणि त्यांतून तिला एकच गोष्ट हवी होती. मॅरेक्स नावाच्या रोगाला कोणतं घराणं बळी पडतं आणि कोणतं तग धरतं?

मॅरेक्सचा विषाणू पिसांच्या धुळीतून पसरतो. धडधाकट दिसणारं पिल्लू एके दिवशी एक पाय पुढे आणि एक मागे टाकून भुशावर आडवं पडतं, ते पुन्हा उठत नाही. औषध नाही. पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली टोचलेली लस आणि आईबापांकडून आलेलं रक्त, एवढे दोनच आधार. रक्ताचे तिनं दोन प्रकार पाडले होते. प्रयोगशाळेत त्यांना लांबलचक नावं होती. ती स्वतः मनात 'चिवट' आणि 'नाजूक' म्हणायची.

सातवं घराणं चिवट होतं. कोंबडाही चिवट, कोंबड्याही चिवट. तरी वर्षभरात तीन वेळा उबवणी झाली आणि तिन्ही वेळा सातव्याची शंभरातली चाळीस पिल्लं लुळी पडून गेली. इतर घराण्यांची दहा, बारा, फार तर पंधरा. एकदा झालं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. तीनदा झालं, तेव्हा तिनं अहवाल लिहिला. सातव्या घराण्यात आजवर कुणाला न सापडलेला आनुवंशिक दोष आहे, तो चिवटपणावरही मात करतो, हे घराणं काढून टाकावं. खाली सही केली. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते अहवाल वाचून इतके खूश झाले की त्यांनी तो आपल्या हातानं एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला. तो छापायला घेतल्याचं उत्तर आलं, आणि सातव्याच्या कोंबड्याला व त्याच्या दहा कोंबड्यांना शनिवारी सकाळी मारायचं ठरलं.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी सात वाजता, ती अजून चपला घालत होती, तेव्हा फोन वाजला. फोन तिच्या वर्गमैत्रिणीचा होता. ती दुसऱ्या गावच्या केंद्रावर असे, आणि गेल्या वर्षी सातव्याची दोनशे अंडी तिकडे गेली होती.

"काय गं, तू पाठवलेला अहवाल वाचला. डोळे कुठे गहाण टाकले होतेस?"

"का? काय झालं?"

"अगं, तुझं ते सातवं माझ्याकडे नुसतं धावतंय. शंभरात चार गेली असतील. माझी स्वतःची दहा-दहा जातात."

"रोग आहे ना तुझ्याकडे? का शेड नवं आहे?"

"शेड माझ्या सासऱ्यांच्या वयाचं आहे. रोगाला काय तोटा! आणि पुढचा प्रश्न विचारू नकोस, रक्त तपासलंय मी. तुझंच घराणं, चिवट, दोन्हीकडून. मग दोष फक्त तुझ्याच आवारात कसा काय उगवतो?"

रक्तवालीनं एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती. ती तशीच खुर्चीवर बसली.

"तू लस कशी देतेस?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे यंत्र आहे. अंड्यातच देतो, अठराव्या दिवशी. का?"

"काही नाही. विचारलं."

त्या दिवशी ती शेडकडे गेलीच नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"थांबा म्हणता?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहवाल तुमचा, सही तुमची, आणि आता तुम्हीच म्हणता थांबा?"

"हो."

"कारण?"

"अजून सापडलेलं नाही."

"बाई, पुढच्या मंगळवारी नवी घराणी येताहेत. त्यांना मी काय तुमच्या 'सापडलेलं नाही'वर बसवू? शेड रिकामं हवंय मला." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "शनिवारी सकाळी आठपर्यंत काही घेऊन या. कागद चालेल. नुसती शंका चालणार नाही."

तिनं आपल्या खोलीत जाऊन एक कोरा कागद घेतला आणि सातव्याच्या पिल्लाचा अंड्यापासूनचा प्रवास लिहायला बसली. शेडमध्ये सगळ्या घराण्यांची पिल्लं एकत्र मिसळलेली असत. खाणं, पाणी, उजेड, धूळ सगळ्यांना सारखीच. म्हणजे फरक शेडमधला नव्हता. अंडी गोळा करणं, साठवणं, यंत्रात ठेवणं, हे सगळं तिनं स्वतः बघितलेलं होतं. कागदावर एकच जागा राहिली. पिल्लं अंड्यातून निघतात आणि लस टोचून घेतात, ती उबवणीची खोली.

ती खोली तिनं तीन वर्षांत एकदाही आतून पाहिली नव्हती.

त्याला कारण होतं, आणि ते केंद्राच्या नियमातच होतं. आजारी पक्ष्याला ज्यानं हात लावला त्यानं पुढचे तीन दिवस उबवणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. रक्तवाली रोजच आजारी पक्ष्यांना हात लावायची. त्यामुळे खोलीतून तिच्याकडे यायचा तो फक्त एक कागद: पिल्लाच्या पंखाला लावलेल्या बिल्ल्याचा आकडा, घराणं, लस दिली. तिन्ही रकाने नेहमी भरलेले असत. त्या कागदावर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला होता, कारण तो नीटनेटका होता.

शनिवारनंतर तिनं पक्ष्याला हात लावलेला नव्हता. पुढची उबवणी गुरुवारी होती. तिनं बोटं मोजली आणि ठरवलं की गुरुवारपर्यंत शेडचं तोंड बघायचं नाही.

दोन दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला. रक्तवाली रुसली. रक्तवालीला रक्त बघवत नाही. चहाच्या वेळी शेडवाल्यानं तिला मुद्दाम विचारलं, "बाई, मेलेली तीन आलीत, टेबलावर ठेवू का घरी पाठवू?" ती हसली, आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

मंगळवारी संध्याकाळी घरी तिची मुलगी खोकत होती. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाची छाती अशी नव्हती हो. सात पिढ्यांत नाही. हे तिकडनं आलेलं."

"तिकडनं म्हणजे माझ्या माहेरून ना?" तिनं पोळपाट पुसता पुसता विचारलं.

"मी कुठे नाव घेतलं? पण तुझा भाऊ लग्नात मंगलाष्टकांपेक्षा मोठ्यानं खोकत होता, ते सगळ्यांनी ऐकलंय."

मागच्या वर्षीही मुलीला असाच खोकला झाला होता. तेव्हा रक्तवालीनं काही न बोलता तिचा पलंग ओल आलेल्या भिंतीपासून चार हात लांब सरकवला होता आणि खोकला गेला होता. श्रेय सासूबाईंच्या काढ्याला मिळालं, त्यावरही ती काही बोलली नव्हती. आता तिनं आत जाऊन पाहिलं. झाडलोट करताना कुणीतरी पलंग पुन्हा भिंतीला नेऊन लावला होता. तिनं तो ओढून बाजूला घेतला आणि त्याच्या कडेवर क्षणभर बसून राहिली. घरात रक्ताचं नाव निघालं की आपण आधी भिंत चाचपून बघतो. कामावर मात्र आपण सासूबाईंसारखंच वागलो. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि ते फारसं गोड नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला ती अंघोळ करून, खोलीतले पांढरे कपडे घालून, केस टोपीत कोंबून आत गेली.

आत लसवाल्या काकूंचं राज्य होतं. बावीस वर्षं त्या पिल्लांना टोचत आल्या होत्या. बारीक अंगाच्या, पण उजवा अंगठा एखाद्या सुताराचा शोभावा असा.

"या, या," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं नुसत्या कागदात बघत होता आम्हाला. आज खरी माणसं दिसली."

"मी कोपऱ्यात उभी राहीन, काकू. तुम्ही रोजच्यासारखं करा. मी नाही असं समजा."

"ते कसं समजणार? पेन घेऊन उभ्या राहिलात की यमाच्या दारचे कारकून वाटता."

आठ वाजून दहा मिनिटांनी काकूंनी जाड हातमोजे घालून गोठवलेल्या लसीची कुपी टाकीतून काढली. टाकीच्या तोंडातून पांढरी वाफ फरशीवर उतरली. कुपी कोमट पाण्यात धरून त्यांनी ती वितळवली आणि निळ्या पाण्याच्या मोठ्या बाटलीत मिसळली. बाटली स्टँडला टांगली, नळी टोचणीला जोडली. रक्तवालीनं वेळ लिहिली.

मग एकेका घराण्याचा ट्रे येऊ लागला. पिल्लू उचल, पंखाला बिल्ला लाव, आकडा मोठ्यानं सांग, लिहून घे, मानेची कातडी चिमटीत धर, टोच, पुढच्या खोक्यात सोड. काकूंचा हात बघत राहावा असा होता. एकही पिल्लू ओरडत नव्हतं. ट्रे हाताला येईल तसा घेतला जात होता. आधी पाचवं, मग अकरावं, मग दुसरं. क्रम ठरलेला नव्हता, आणि ते चांगलं होतं, असं रक्तवालीनं टिपून ठेवलं. अकरा घराणी झाली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आणि सातवं?" तिनं विचारलं.

"ती उशिरा येणारी मंडळी." काकूंनी कोपऱ्यातला ट्रे दाखवला. त्यात काही पिल्लं अजून ओली, चिकट, मान टाकून पडलेली होती. एकदोन अंड्यांच्या कवचातून अर्धी बाहेर आली होती. "नेहमीचंच आहे यांचं. बाकीची बाहेर येऊन चिवचिवाट करतात तेव्हा हे लोक आतून टकटक करत असतात. ओल्या पिल्लाला मी सुई लावत नाही. गारठतं बिचारं. वाळली की घेते."

"नेहमी?"

"दर खेपेला. तोवर आमचा चहा होतो."

चहा झाला. खोली उबदार होती, पिल्लांना हवी तशी. बाटली स्टँडला टांगलेलीच होती, निळीशार. अकरा चाळीसला काकूंनी सातव्याचं पहिलं पिल्लू उचललं.

"काकू, थांबा."

"काय झालं?"

रक्तवालीनं रिकामी कुपी उचलून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, जरी ते तिला पाठ होतं. "मिसळल्यावर दोन तासांच्या आत वापरा, असं लिहिलंय. साडेतीन तास झाले."

"अहो, चांगली आहे लस. निळी आहे की!"

"निळा तो नुसता रंग आहे, काकू. लस कुठवर गेली ते दिसावं म्हणून घातलेला. लस मेली तरी तो निळाच राहतो."

काकूंच्या हातात पिल्लू तसंच राहिलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग ट्रेकडे. बावीस वर्षं त्या निळ्याकडे बघून काम करत आल्या होत्या.

"म्हणजे मी यांना पाणी टोचत होते?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मी? एकही पिल्लू चुकवत नाही मी! आजवर कुणी बोट दाखवलं नाही माझ्याकडे!"

"मीही दाखवत नाही."

"मग काय करताय? टिपून तर घेतलंत सगळं!"

"काकू, बिल्ल्यांची पद्धत यायच्या आधी टोचायला किती वेळ लागायचा तुम्हाला?"

काकू थांबल्या. "पाऊण तास. फार तर तास. तेव्हा कुठे होतं हे घराणं आणि ते घराणं! सगळी पिल्लं एकाच खोक्यात. ओली बाजूला ठेवली तरी तासाभरात वाळायची नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी नवी कुपी काढून टोचायचो."

"बिल्ले लावा, आकडे लिहा, घराणं वेगळं ठेवा, सगळं त्याच दिवशी संपवा, हे कुणी सांगितलं?"

ते कुणी सांगितलं हे दोघींनाही माहीत होतं. खाली सही होती त्या सूचनेवर, दोन पेन बाळगणारीची.

काकूंनी पिल्लू ट्रेमध्ये ठेवलं आणि टाकीकडे वळल्या. "नवी कुपी काढते."

"काढा. पण सगळ्यांना नको. ऐंशी पिल्लं आहेत. चाळिसांना नवी, चाळिसांना हीच."

काकू वळल्या. "मेलेली आहे म्हणता, आणि टोचायला सांगता?"

"मला वाटतं मेलेली आहे. माझ्या वाटण्यावर साहेब सातवं ठेवणार नाहीत. ठेवूही नये. मागच्या वेळीही मला वाटलंच होतं."

"मी नाही टोचणार. सांगून ठेवते. न कळता झालं ते झालं. कळून माझा हात चालणार नाही."

"बरं. मग मी टोचते. पण ऐंशीच्या ऐंशी मलाच टोचावी लागतील. निम्मी तुम्ही आणि निम्मी मी टोचली तर फरक लसीचा का हाताचा, ते कधीच कळणार नाही."

"तुम्ही? टोचणी धरलीय कधी?"

"नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग टोचणी तिच्या हातात दिली, तिचा अंगठा पकडून जागेवर बसवला आणि म्हणाल्या, "कातडी उचला, मान नव्हे. मान दाबलीत तर तुमचा प्रयोग इथेच गार. हं. आता सोडा."

आणखी एक गोष्ट रक्तवालीनं ठरवली. कोणत्या पिल्लाला कोणती बाटली, हे तिनं स्वतः बघायचं नाही. कापडी पडद्यामागे काकू चिठ्ठी उचलणार, चिठ्ठीत निघेल त्या बाटलीची टोचणी तिच्या हातात देणार आणि बिल्ल्याचा आकडा आपल्या वहीत लिहिणार. दोन्ही बाटल्या निळ्या, त्यामुळे हातात आल्यावर ओळखता येण्याची सोय नव्हती.

"वही तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "दहा आठवडे. मला दाखवू नका, मी मागितली तरी."

"आणि साहेबांनी मागितली तर?"

"तरी नको."

काकूंनी वही कपड्याच्या आत कोंबली. त्या क्षणापासून त्यांचा राग निम्मा झाल्यासारखा दिसला. ऐंशी पिल्लं टोचायला रक्तवालीला दीड तास लागला. नव्या बाटलीची मुदत त्यात निभावली. पहिली दहा पिल्लं ओरडली, शेवटची दहा ओरडली नाहीत.

शनिवारी सकाळी पावणेआठला ती साहेबांच्या दारात होती. तिनं टेबलावर वेळेचा तक्ता, कुपी आणि मैत्रिणीकडून आलेले आकडे मांडले. साहेबांनी तीनही गोष्टी शांतपणे पाहिल्या.

"म्हणजे चूक लसवालीची."

"चूक माझी. काम लांबलं माझ्या बिल्ल्यांमुळे, आणि तीन वर्षांत मी त्या खोलीत गेले नाही. नियम होता, पण तीन दिवस हात आवरले असते तर जाता आलं असतं. या आठवड्यात आवरलेच ना."

"आणि लेख? तो छापायला गेलाय, बाई!"

"मागे घेतल्याचं पत्र काल टाकलं."

"मला न विचारता?"

"सही माझी होती, साहेब."

साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर पिंजऱ्यांची गाडी येऊन उभी होती. "तुमचा जन्माचा शोध होता तो," ते पाठमोरे म्हणाले. "नवा दोष. माणसं एका शोधावर आयुष्य काढतात."

"मला दहा आठवडे द्या. दोष निघाला तर सातवं मी माझ्या हातानं काढीन."

"आणि कोंबड्यांना ठेवू कुठे? माझ्या खुर्चीत?"

"जुन्या गोदामात. मी पाहून आलेय. छत गळतं, पण एका बाजूलाच."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी खिडकी उघडून गाडीवाल्याला ओरडून सांगितलं, "सातवं गोदामात! हो, गोदामात! कान साफ कर!"

ते दहा आठवडे लांबले नाहीत आणि लवकरही सरले नाहीत; रोज सकाळी एक फेरी, एवढ्याच मापानं ते गेले. शेडमधल्या धुळीत रोग होताच. पाचव्या आठवड्यात पहिलं पिल्लू एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलं. रक्तवालीनं बिल्ला वाचून लिहून घेतला. त्या आकड्यानं तिला काहीच सांगितलं नाही, आणि तेच तिला हवं होतं. मग दर दोन दिवसांनी एखादं, कधी दोन.

त्रास काकूंचा होता. त्या शेडच्या जाळीबाहेर उभ्या राहून मेलेल्यांचे आकडे विचारायच्या आणि ऐकताक्षणी त्यांचं तोंड उतरायचं किंवा उजळायचं.

"काकू, तुमचा चेहरा वहीपेक्षा जास्त बोलतो," शेवटी रक्तवाली म्हणाली. "उद्यापासून इकडे येऊ नका."

"मग माझ्या जिवाला चैन कशी पडेल?"

"पडणार नाही. मलाही पडत नाही."

दहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर वही उघडली. काकू आकडा वाचत होत्या, रक्तवाली आपल्या यादीत खूण करत होती, आणि साहेब दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. जुन्या बाटलीच्या चाळिसांतली सतरा गेली होती. नव्या बाटलीच्या चाळिसांतली चार.

सतराचा आकडा आला तेव्हा काकूंनी वही खाली ठेवली. त्या सतरांना टोचणारा हात रक्तवालीचा होता, हे दोघींनी एकमेकींकडे न बघता आठवलं.

"म्हणजे रक्तात काहीच नव्हतं?" साहेबांनी विचारलं.

"होतं. तिन्ही वेळा तेच दिसलं, ते उगीच नाही. सातव्याच्या रक्तात उशीर आहे. कवच फोडायला त्यांना सहा-सात तास जास्त लागतात, आणि ते बापाकडून मुलांकडे जातं. मरण आपण त्याला जोडलं."

"मग हा उशीर काढून टाकायचा?"

"कशाला? उशिरा निघणाऱ्यांसाठी दुसरी कुपी काढायची. एवढंच पुरे आहे."

साहेब हसले आणि त्यांनी मारण्याच्या हुकमावर आडवी रेघ ओढली. "झालं. आता तरी स्वस्थ बसाल?"

"एक राहिलंय." तिनं पिशवीतून जुनी फाईल काढली. "मागच्या वर्षी तेरावं घराणं काढलं. माझ्याच अहवालावर."

साहेबांनी फाईलवरचा आकडा वाचला.

"त्यांची शंभरात तीस जात होती," ती म्हणाली. "रक्त चिवट-नाजूक मिसळ होतं, त्यामुळे मला ते पटलं होतं. काकू, तेरावंही उशिरा निघायचं का?"

काकूंनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. साहेब पुढे झुकले. हो म्हटलं असतं तरी त्या तिघांपलीकडे कुणाला कळलं नसतं, आणि नाही म्हटलं असतं तर रक्तवालीला रात्री झोप लागली असती.

"आठवत नाही, बाई," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? लिहून ठेवलं नव्हतं, आणि नजरेत तेव्हा काही भरलं नाही."

"मग ते कळणार नाही."

"जाऊ द्या ना," साहेब म्हणाले. "ते पक्षी आता कुठून आणणार?"

"पक्षी येणार नाहीत. अहवाल मात्र अजून कपाटात आहे. उद्या कुणी तेराव्याच्या भावंडांचं रक्त तपासेल, माझा कागद काढेल आणि त्यावर विसंबून आणखी एक घराणं मारील." तिनं फाईल उघडली आणि आपल्या जुन्या सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: निष्कर्ष मागे घेतला आहे. पिल्लं निघाल्याची व लस दिल्याची वेळ नोंदलेली नाही, त्यामुळे दोष रक्ताचा होता की नव्हता हे सांगता येत नाही. खाली तारीख, सही.

"उरलेल्या अकरा घराण्यांचं काय?" साहेबांनी जरा सावधपणेच विचारलं. "त्यांचे आकडे तरी खरे आहेत ना?"

"त्यांचा क्रम बदलत होता, म्हणून बहुधा खरे असतील. बहुधावर सही करायची नाही मला. पुन्हा मोजते."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी छताकडे. "मला विचारू नका," काकू म्हणाल्या. "मला फक्त एवढंच सांगा, कागदावर घड्याळाचा रकाना डावीकडे आखायचा का उजवीकडे? डावीकडे असला तर माझा अंगठा त्यावर येतो."

"उजवीकडे," रक्तवाली म्हणाली, आणि फाईल कपाटात ठेवून तिनं पेन उघडलं.